सहाशे यार्डांची फुशारकी

गेल्या श्रावणात आमच्या गावच्या वाचनालयात एक गप्पांचा कार्यक्रम झाला. पाहुणे मूळचे इकडचेच, सीमाभागातले. आता पंचवीस वर्षे अमेरिकेत आहेत. विषय ‘रॉकी पर्वतातील शिकार’. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती. बर्फाची शिखरे, नारिंगी जाकिटे, मोठमोठी शिंगे, आणि प्रत्येक चित्रासोबत एक आकडा. पाचशे वीस यार्ड. सहाशे ऐंशी यार्ड. शेवटी आठशे सत्तर यार्ड, आणि टाळ्यांचा कडकडाट. जनावर कोणते, नर की मादी, किती वेळ माग काढला, पहिल्या गोळीत पडले की तिसऱ्या, यातले काही कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की रायफल कुठली आणि कॅलिबर कुठले.

मी उभा राहून एवढेच म्हणालो, की आठशे सत्तर यार्डांवरून झाडलेल्या आणि न सापडलेल्या जनावरांची चित्रे यात का नाहीत? पाहुणे हसले. सभेतला एक तरुण म्हणाला, “सर, तुमचा जमाना थ्री-नॉट-थ्रीचा. आता सगळं बदललंय की.” पुन्हा टाळ्या. मी खाली बसलो. मुख्याध्यापकाला सभेत खाली बसवणे ही आमच्या गावची जुनी करमणूक आहे, त्याचे मला वाईट वाटले नाही. पण विषय मनातून जाईना, म्हणून संपादकांना ‘यंदा कथा नको, भांडण लिहून देतो’ असे कळवले.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो, म्हणजे पत्रांचा ओघ जरा कमी होईल. एक, आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली आणि ती संपली हे फार चांगले झाले. आमच्या शेजारचे दाजीपूर ही एकेकाळी करवीर संस्थानची राखीव शिकारीची रानवट. १९५८ साली तेच महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य झाले. मी त्या रानात शाळेच्या सहली नेल्या आहेत आणि मुलांना गवे दाखवले आहेत. बंदुकीची आठवणही झाली नाही. दोन, मी शिकारी नाही. इतिहासाचा एम.ए. आहे, आणि अकरा वर्षे एन.सी.सी.चा अधिकारी म्हणून चांदमारीच्या मैदानावर पोटावर पडून पोरांना नेम शिकवला आहे. माझी पात्रता एवढीच. मग परदेशातल्या शिकारीत नाक का खुपसतोस, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या भाच्यात आहे, आणि ते थोडे माझ्यावरच उलटणारे आहे.

भाचा कोलोरॅडोत असतो. तिथला नागरिक झाला आहे. २०२२च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला: “मामा, एल्कच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची आहे. तुम्ही एवढं वाचलंय, कुठलं कॅलिबर घेऊ?” एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. आता खरे तर मी त्याला चार प्रश्न विचारायला हवे होते. किती यार्डांवरून मारणार? पूर्वी किती गोळ्या झाडल्यास? तुझ्या खांद्याला दस्ता बसतो का? बरोबर कोण आहे? त्याऐवजी मी माझी पुस्तकी विद्वत्ता पाजळली. एल्मर कीथ आणि जॅक ओ’कॉनर यांचा जन्मभर चाललेला वाद त्याला ऐकवला. कीथ म्हणजे जड गोळी आणि मोठा बोअर यांचा कैवारी, ओ’कॉनर म्हणजे .२७० विन्चेस्टरचा भक्त. आणि निकाल दिला, “मोठं जनावर आहे, मोठंच घे.” त्याने .३०० विन्चेस्टर मॅग्नम घेतली. वर दुकानदाराने पंचवीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण बसवून दिली. पुढचे पुढे सांगतो.

कॅलिबरच्या आकड्याला आपल्याकडे जे देव्हाऱ्यात बसवले आहे, त्याची थोडी झाडाझडती घेतली पाहिजे. हा आकडा म्हणजे नळीच्या तोंडाचे किंवा गोळीचे माप, तेही अंदाजे. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारले तो काळ. .३०० मॅग्नम १९६३ची. या दोन्हींची गोळी एकाच जाडीची. दुसरीत दारू जास्त, म्हणून वेग जास्त. एवढाच फरक. आणि इंग्रजांच्या काळात तर आकडे सरकारी कागदाने ठरत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली आणणे बंद केले. कारण शिकारीचे नव्हते. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती होती. झाले, लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी पिलावळ जन्माला घातली. हत्तीची कातडी काही त्या वर्षी जाड झाली नव्हती. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्याची .३१५ घरोघरच्या परवान्यावर दिसते, तिचेही तेच. .३०३ लष्करी म्हणून नागरिकांना मना, म्हणून .३१५. आता यावरून ‘अमुक आकडा तमुक जनावरासाठीच निसर्गाने नेमला आहे’ असे जो म्हणतो त्याने इतिहास वाचलेला नाही.

बरे, वेगाचा फरक तरी केवढा? १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला साधारण २७०० फुटांनी सुटते, .३०० मॅग्नममधून २९५० च्या आसपास. दोन्ही रायफली दोनशे यार्डांवर बरोबर लावल्या, तर चारशे यार्डांवर पहिलीची गोळी सुमारे तेवीस इंच खाली जाते, दुसरीची वीस. तीन इंच. .२७०ची हलकी गोळीही वीसच्याच घरात. या तीन इंचांसाठी खांद्याने काय मोजायचे ते पाहा: आठ पौंडांच्या रायफलीत .२७०चा धक्का सतरा फूट-पौंडांच्या आसपास, .३०-०६चा वीस, .३०० मॅग्नमचा पंचवीस-सव्वीस. वजनाने साठ किलोच्या, साडेपाच फुटांच्या आमच्या भाच्याला हा दणका दर गोळीला.

धक्क्याने खांदा दुखतो हे त्यातले कमी महत्त्वाचे. खरी मेख वेगळी आहे. शरीर शहाणे असते; दोन-चार दणके खाल्ले की ते पुढच्या वेळी आधीच तयारी करते. घोडा पूर्ण मागे येण्याच्या आत डोळे मिटतात, खांदा पुढे झटका देतो, मनगट आवळते. माणसाला स्वतःला पत्ताही लागत नाही, कारण बार होतो आणि त्या धामधुमीत सगळे झाकले जाते. चांदमारीवर आम्ही यावर एक उपाय करायचो. पोराला न सांगता मधेच एक फुसके काडतूस भरायचे. घोडा ओढला, नुसते ‘टक्’ झाले, आणि नळीचे टोक वीतभर खाली डुचमळले की सगळे हसायचे आणि त्या पोराचा चेहरा पडायचा. हे .२२ रायफलीवर, जिचा धक्का म्हणजे पाठीवरची थाप. मग मॅग्नमचे काय होत असेल? शंभर यार्डांवर वीतभर चुकलेली गोळी जनावराला लागते तरी. सहाशे यार्डांवर तोच झटका गोळीला कुठल्या कुठे नेतो.

आता ‘सगळं बदललंय’ या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच खोटा नाही. अंतर मोजणारी लेसरची यंत्रे आहेत. डोंगराचा चढ-उतार, हवेचा दाब, थंडी हे सारे घालून गोळी किती पडेल ते सांगणारी यंत्रे आहेत. २००७ साली हॉर्नाडी कंपनीने ६.५ क्रीडमूर काढली ती मुळात निशाणीवर दूर मारण्यासाठी. लांब, निमुळती गोळी, धक्का कमी. २०२२ साली त्याच कंपनीची ७ मिलिमीटर पीआरसी आली. त्या सभेतला तरुण म्हणेल, की पूर्वीच्या माणसाला तीनशे यार्ड जितके अवघड होते तितकेच आजच्याला सहाशे आहेत. आणि गोळीच्या पडण्यापुरते बोलायचे, तर त्याचे म्हणणे मला मान्य आहे. गुरुत्वाकर्षण प्रामाणिक आहे. ते रोज सारखेच ओढते, म्हणून यंत्राला त्याचा हिशेब जमतो.

वारा मात्र प्रामाणिक नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०० मॅग्नमच्या गोळीला पाचशे यार्डांवर जवळजवळ दीड फूट ढकलतो. आणि हा वारा कुठला मोजायचा? तुमच्या गालाला लागतो तो? मधल्या दरीतून वर चढतो तो? की समोरच्या उतारावर गवत हलवतो तो? तिन्ही निराळे असतात, तिन्ही क्षणाक्षणाला बदलतात. यंत्राला तुम्ही जो आकडा द्याल त्यावर ते हिशेब करणार. आमच्या शाळेतही पोरे गणिताची रीत बरोबर लिहून आकडा चुकीचा घेतात. उत्तर छान रेषा मारून लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट जनावर. सहाशे यार्ड जायला गोळीला पाऊण सेकंद लागतो. एल्क चरत चालला असेल तर पाऊण सेकंदात तो अडीच-तीन फूट पुढे जातो. त्याच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग जेमतेम सव्वा फुटाचा. म्हणजे तुम्ही घोडा ओढला तेव्हा तो उभा होता आणि तुमचे सगळे गणित अचूक होते, तरी गोळी वाटेत असताना त्याने एक पाऊल टाकले की गोळी फुप्फुसाऐवजी पोटात. पोटात लागलेले जनावर मरते, पण तासांनी, कधी दिवसांनी मरते. कागदाची निशाणी पाऊल टाकत नाही, म्हणून निशाणीवरची फुशारकी रानात नेऊ नये.

तिसरी गोष्ट तर दुकानदार कधीच बोलत नाही, ती म्हणजे गोळी पोचते तेव्हाची. शिकारीची गोळी जनावरात शिरल्यावर फुलावी लागते, भुईछत्र्यासारखी; तेव्हाच ती आत मोठी जखम करते. त्यासाठी तिला वेग हवा, पुष्कळ गोळ्यांना सेकंदाला निदान १८०० फूट. सहाशे यार्डांच्या पुढे .३००च्या नेहमीच्या गोळीचाही वेग त्या रेघेवर येऊन घुटमळतो आणि आठशेच्या आसपास खाली जातो. मग ती दाभणासारखी आरपार जाते. बाहेर रक्त नाही, जनावर पळून जाते, आणि आपले महाशय म्हणतात, ‘चुकली वाटतं.’ तेव्हा कॅलिबरवर रात्रभर वाद घालणाऱ्यांनी त्यातला निम्मा वेळ गोळी कुठली, कशी बांधलेली आणि किती वेगाला फुलणारी यावर घालवावा.

कोलोरॅडोचा कायदा पाहा. एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी, आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड ऊर्जा, बस्स. म्हणजे ज्यांचा रोजचा व्यवहार एल्कशी आहे, त्या राज्याने आकड्याची अट फार खाली ठेवली आहे. उलट १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाने शिकारीचे शिक्षण घेतल्याचा दाखला मात्र हवाच. कायद्याने कुठे काटेकोर व्हायचे ठरवले आहे ते यावरून कळावे. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली साथीदारांसह जी बून अँड क्रॉकेट क्लब नावाची शिकाऱ्यांची संस्था स्थापली, तिनेही आपल्या सरंजामाची परीक्षा पाहायला जिवंत जनावरावर लांबून गोळी झाडणे म्हणजे शिकार नव्हे, असे सांगून टाकले आहे. हे काही कोणी पुण्या-मुंबईचे अहिंसावादी नव्हेत. शिंगांची मापे घेऊन वह्या भरणारे लोक आहेत.

इथे कोणीतरी कारामोजो बेलचे नाव काढणारच. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश गृहस्थाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५च्या, म्हणजे ७ मिलिमीटरच्या छोट्या रायफलीने. सभेतले मोठ्या बोअरचे भक्त हे नाव घेत नाहीत, आणि छोट्या बोअरचे भक्त ते अर्धवट घेतात. बेलने हत्तीची डोकी करवतीने कापून मेंदू कुठल्या कोनातून कुठे येतो ते पाहिले होते. मग जवळ जाऊन, हव्या त्या कोनात उभे राहून तो गोळी झाडायचा. त्याच्या पायांनी केलेले काम त्याच्या रायफलीच्या खात्यावर मांडू नये. (हजार हत्ती मारणे हा पराक्रम आहे का, हा निराळा लेख. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.)

आणि कॉर्बेट. आपल्याकडे त्याची भाषांतरे वाचून दोन पिढ्या वाढल्या. १९२६च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने मारला तो त्याच छोट्या .२७५ रिग्बीने, गुलाबराई इथे आंब्याच्या झाडावर बसून, खाली बांधलेल्या बकरीपाशी. सव्वाशे माणसांचा जीव घेतलेल्या जनावरासाठी कित्येक रात्री जागून तो जवळ येण्याची वाट पाहत बसला. पण मला कॉर्बेटची आठवण होते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली, जिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. मेल्यावर पाहिले तर तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले, खालचा तर पार हाडापर्यंत. कुणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या जखमेने. नैसर्गिक भक्ष्य पकडता येईना म्हणून ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेटने नोंदवले आहे. तो बार कुणी काढला, किती लांबून काढला, त्याने घरी जाऊन काय सांगितले, हे कुणालाच माहीत नाही. त्याचा हिशेब कुमाऊँच्या गवत कापणाऱ्या बायांनी चुकता केला.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्याच शिवारात या. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात गवे आणि डुकरे पिकात उतरतात. ऊस, भात, नाचणी एका रात्रीत आडवी होते, आणि नुकसानभरपाईचा कागद कचेऱ्यांतून फिरत राहतो. शेतकऱ्याचा संताप रास्त आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्याच वाचनालयाच्या सभेत एक जण म्हणाला, “असल्या लांब पल्ल्याच्या रायफली आमच्या शेतकऱ्यांना द्या, घरच्या ओट्यावरनं बंदोबस्त करतील.” यावरही टाळ्या! गवा पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्याला हात लावणे हा गुन्हा, हे सोडाच. एका वळूचे वजन आठशे-हजार किलो. अंधारात, ओट्यावरून, कुठेतरी पुठ्ठ्यात लागलेली गोळी घेऊन तो कुठे जाईल? उसात जाईल. आणि सकाळी पाला काढायला उसात कोण शिरेल? ओट्यावरचा बंदूकवाला नव्हे.

मी दहा-बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. आमच्या आजोळी एकाकडे पीक राखणीच्या परवान्याची बाराबोरी होती. एका रात्री त्याने शंभरेक पावलांवरून डुकरावर बार काढला आणि ‘लागला, लागला’ म्हणत गावभर सांगत सुटला. रक्ताचे चार थेंब दिसले. माग काढायला कोणी गेले नाही, अंधार होता. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी गवताला गेलेल्या एका बाईची मांडी त्या डुकराने फाडली. ती वाचली, पण पुढे जन्मभर लंगडत चालत असे, आणि आम्ही पोरे तिच्या चालीची नक्कल करायचो. बंदूकवाला तिच्या घरी एक पायली तांदूळ देऊन आला. त्या डुकराला तो बार कितीतरी लांबून लागला होता हे तो पुढेही अभिमानाने सांगत असे.

आता भाच्याचे सांगतो. २०२३चा ऑक्टोबर. दोन सोबती, समुद्रसपाटीपासून दहा हजार फूट उंची, तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. समोरच्या उतारावर एक नर एल्क. लेसरने सांगितले ६१० यार्ड. मधे एक खोल घळ. जवळ जायचे तर तासभर चाल, आणि उजेड अर्ध्या तासाचा. सोबती म्हणाले, “मार की, तुझ्याकडे तर मॅग्नम आहे.” हे वाक्य त्याने मला फोनवर दोनदा सांगितले. रायफल जवळ नसती तर तो उठून चालू लागला असता किंवा दुसऱ्या दिवशी आला असता. रायफल तेवढी लांबची आहे असे मामाने, दुकानदाराने आणि डब्यावरच्या तक्त्याने सांगितले होते, म्हणून तो पोटावर पडला आणि त्याने घोडा ओढला.

पुढे काय झाले ते त्याला दिसले नाही. पंचवीसपटीच्या दुर्बिणीत आधीच नजरेचा पल्ला एवढासा, त्यात धक्क्याने सगळे आभाळाकडे गेले. पुन्हा डोळा लावेपर्यंत उतार रिकामा. एक सोबती म्हणाला, लागली. दुसरा म्हणाला, मागच्या पायाला. घळ उतरून चढून पलीकडे पोचले तोवर काळोख. आणि पलीकडे पोचल्यावर, ज्या झाडापाशी एल्क उभा होता तसली झाडे तीस-चाळीस! सहाशे यार्डांवरून जी खूण पक्की वाटते ती जवळ गेल्यावर सापडत नाही, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. सकाळी थोडे रक्त सापडले, काळपट, चाऱ्याचे कण मिसळलेले. म्हणजे पोट. दोन दिवस शोधले. दाट रानात शिरून माग संपला. भाच्याने उरलेला परवाना तसाच खिशात ठेवून शिकार थांबवली, कारण त्याच्या मते एक एल्क त्याच्या नावावर लागला होता. कायदा त्याला तसे म्हणायला लावत नव्हता, हे ध्यानात घ्या.

त्याने फोन केला तेव्हा इकडे मध्यरात्र होती. “मामा, ते अजून कुठेतरी असेल का हो?” एवढेच विचारत होता. तीस वर्षे पोरांना उत्तरे देत आलेला मी, मला काही सुचले नाही. मी त्याला एल्मर कीथ ऐकवला होता.

म्हणून आता माझ्या चुकीच्या सल्ल्याची भरपाई म्हणून, कोणी तिकडचा मराठी मुलगा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. रायफल खांद्याला लावून बघ. डोळे मिटून लाव आणि मग उघड. दुर्बिणीत चित्र पूर्ण दिसले पाहिजे, मान ताणावी लागता कामा नये. तिकडचे दस्ते त्यांच्या हातांच्या मापाचे, साडेतेरा-चौदा इंचांचे असतात; आपल्या बांध्याला बऱ्याचदा इंचभर कापून घ्यावे लागतात. त्यात लाज नाही, शर्टाची बाही आपण कापून घेतोच. दुर्बिणीसकट आठ पौंडांच्या आसपास वजन असू दे. डोंगरात वाहायला हलकी म्हणून सहा पौंडांची मॅग्नम घेतलीस तर ती तुला रानात नव्हे, सरावाच्या मैदानावरच बिघडवील. कॅलिबर .२७०, .३०-०६, ७ मिलिमीटर-०८, ६.५ क्रीडमूर, यातले गावच्या दुकानात जे सहज मिळते ते. गोळी चांगली, घट्ट बांधणीची. दुर्बीण तीन ते नऊपटीची पुष्कळ झाली. आणि उरलेले पैसे काडतुसांवर घाल. तीनशे काडतुसे बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने झाडलीस, की ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या एका ताटलीत बसतात ते तुझे अंतर. अकरावी ताटलीबाहेर गेली की अंतर कमी कर. रायफलीच्या डब्यावर लिहिले आहे ते अंतर रायफलीचे आहे, तुझे नव्हे.

भाच्याने ती मॅग्नम विकली. .२७० घेतली आहे, जुनी, कुणा म्हाताऱ्याची. त्याचे अंतर सध्या दोनशे तीस यार्ड आहे असे तो सांगतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज पडत नाही. २०२४च्या मोसमात तो गेला आणि एकही गोळी न झाडता परत आला. एकदा तीनशेच्या आत पोचला होता, पण वारा फिरला आणि कळप उधळला. त्या गोष्टीचे वर्णन त्याने पाऊण तास केले. आठशे सत्तर यार्डांच्या त्या चित्राविषयी आमचे पाहुणे दोन मिनिटेही बोलू शकले नव्हते.

आणि ज्या तरुणाने मला सभेत थ्री-नॉट-थ्रीच्या जमान्यात धाडले, त्याच्याशी माझे थोडे काम आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिकचे ब्राँझ पदक मिळवले, तेव्हा या गड्यानेच चौकात साखर वाटली होती. ते पदक पन्नास मीटरवरचे, .२२ रायफलीचे, गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेम धरण्याचे. पन्नास मीटर! त्याच्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने जागतिक अजिंक्यपद मिळवले तेही पन्नास मीटरवरच. त्यांना कोणी विचारले नाही की हजार मीटर का नाही म्हणून.

आमच्या शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत दहा मीटरचा पल्ला आखला आहे. दोन एअर रायफली आहेत, .१७७च्या, त्यातली एक जरा डावीकडे मारते. कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दर शनिवारी सकाळी साडेसातला आठवी-नववीची पोरे येतात. त्यातली एक मुलगी गवंड्याची आहे, ती फार सुरेख श्वास धरते. त्या तरुणाने आणि टाळ्या वाजवणाऱ्या इतरांनीही यावे. छर्रे शाळेचे. वीस गोळ्या झाडू, कागद फळ्यावर लावू, आणि त्यानंतर आठशे सत्तर यार्डांविषयी त्याला जे बोलायचे असेल ते मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन.